दुपारचे दिवे

"बाराला पाणी सोडू नकोस म्हणतोय मी. कान आहेत ना तुला?"

"कान आहेत, दाजी. हातपण आहेत. पण बारा वाजले की हात माझे राहत नाहीत, टाकीचे होतात."

"संध्याकाळी सोड. दिवस कलला की सोड. तेवढंच तर मागतोय."

"तेवढंच? दिवस पालिकेनं घेतला. रात्र बायकोनं घेतली. मधली संध्याकाळ तेवढी माझ्या वाट्याला उरलीय, आणि नेमकी तीच तुम्हाला पाहिजे. त्यापेक्षा माझं एखादं पोरगं मागा. दोन आहेत, आवडेल ते न्या."

असं म्हणत मेहुण्यानं छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी चेंबरमध्ये सोडली, व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली आणि तिच्या आडव्या दांड्याला धरून गोल फिरायला लागला. डोंगरावरच्या तलावातलं पाणी नळात घुसलं. चेंबरमधला पंप आधी खाकरला, मग गुरगुरला, मग एका लयीत फिरायला लागला. आणि चेंबरपासून खालच्या आळीपर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांवरचे सगळे दिवे फटाफट पेटले.

ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा भिंतीच्या कडेकडेनं चालत होती. त्या उन्हात दिवा पेटलाय की नाही हे कळायला डोळे बारीक करून बघावं लागायचं. पायऱ्यांच्या तळाशी दुकान असलेल्या न्हाव्याला मात्र बघायची गरज नव्हती. पंपाची गुरगुर कानावर आली की तो वस्तरा हातात तसाच धरून बाहेर यायचा, अर्ध्या साबण लावलेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीत सोडून.

"मिस्त्री, बरं झालं बघा!" तो खालून ओरडला. "सूर्य जरा कमीच पडत होता!"

मिस्त्री म्हणजे हे दाजी, गावाच्या तोंडी उफराट्या मिस्त्री. त्यानं दात असे आवळले की मेहुण्याला ऐकू आले.

उफराट्या हे नाव त्याला ह्या पंपानं दिलं असं नवी माणसं समजतात. तसं नाही. पंपानं फक्त शिक्का मारला. पालिकेच्या वर्कशॉपात तो पहिल्यांदा आला तेव्हा गंजून बसलेल्या एका बोल्टशी चार गडी झोंबत होते. हा मागनं म्हणाला, "सोडवताय कशाला? आधी आणखी आवळा." सगळे हसले. मग कुणीतरी चेष्टेनं आवळून बघितलं, गंज कडकन तुटला आणि बोल्ट निमूट सुटला. त्या दिवशी नाव पडलं ते पडलंच. बोलण्यातही तसाच. भांडायला बसला की आधी समोरच्याची बाजू मांडायचा, तीही समोरच्यापेक्षा चांगली, आणि मग ती आडवी करायचा. त्यामुळे त्याच्याशी भांडण जिंकलं तरी जिंकल्यासारखं वाटायचं नाही.

आणि फिटर असल्याचा ताठा तर विचारू नका. फिटर म्हणजे राजा, व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला म्हणजे हुजऱ्या, असा त्याचा हिशोब. "चावी फिरवायला काय लागतं?" तो म्हणायचा. "गाढवाच्या शेपटीला बांधली तरी फिरेल." पंचाईत एवढीच की सासरा चावीवाला, आणि सासऱ्यामागं मेहुणाही चावीवाला. लग्नाच्या पंगतीत म्हणलेलं ते गाढवाचं वाक्य सासरच्या घरानं विसरायचं ठरवलं होतं, पण ठरवून विसरलेली गोष्ट कधी विसरते का?

तर हा पंप.

तलाव डोंगरावर आणि गाव पायथ्याला, अशी इथली ठेवण. तलावातनं खालच्या टाकीत यायला नळाला एवढा उतार की पाणी मोकळं सोडलं तर खालच्या आळीतले सांधे उखडतात. म्हणून उताराच्या मध्यावर एक चेंबर आणि त्यात, चावीच्या व्हॉल्व्हखेरीज, पाण्याचा दाब मारणारा दुसरा व्हॉल्व्ह. वरनं पिसाळलेलं पाणी यायचं, व्हॉल्व्हमध्ये डोकं आपटायचं आणि खाली गोगलगाय होऊन जायचं. तो व्हॉल्व्ह वरचेवर बिघडायचा आणि दुरुस्तीला हाच जायचा. प्रत्येक वेळी चेंबरच्या गार ओल्या भिंतीला पाठ लावून तो आवाज ऐकत बसायचा. एवढं बळ, आणि काम काय तर डोकं आपटून घ्यायचं. आपल्यासारखंच, असंही त्याला कधी कधी वाटायचं.

पण नुसतं वाटण्यानं कुणी पंप बसवत नाही. त्याला बायको पडावी लागली.

बायको गावाच्या वरच्या अंगाला एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करते. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे पडदे, ढिगानं. सुटते तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि घर खालच्या आळीत. ह्या पायऱ्या उतरल्याशिवाय घर नाही. एका संध्याकाळी एक पायरी तिच्या पायाला सापडली नाही. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जरा वाकडं बसलं होतं. ती डाव्या हातानं इस्त्री करायला शिकली, आणि शिकताना किती वेळा पोळली ते तिनं सांगितलं नाही, ह्यानं विचारलं नाही.

"एखादी विजेरी तरी आणून द्या मला," ती प्लास्टर गळ्यात अडकवून म्हणाली होती.

"विजेरी कशाला?" हा म्हणाला. "त्या पायऱ्यांवर दिवे लावतो. तुला वरपासून खालपर्यंत उजेडातनं आणतो."

विजेरी त्यानं आणली नाहीच. दिवे लावणारा माणूस विजेरी कशी आणेल? तिनं शेवटी स्वतःच आणली आणि पिशवीत तळाशी ठेवली, त्याला दिसू नये म्हणून.

वर्कशॉपच्या आवारात एक जुना पंप गवतात पडला होता. मोटरीनं पंप फिरवला की पंप पाणी ढकलतो, हे कुणालाही ठाऊक आहे. उफराट्यानं विचार उलटा धरला. पाण्यानंच पंप फिरवला तर पंप मोटर फिरवेल, आणि फिरवलेली मोटर वीज देईल. पाण्याचा दाबही मरेल, तोही काम करून मरेल. पाणीखात्यात तेव्हा नवीन इंजिनियर बाई आल्या होत्या. हा त्यांच्या टेबलापुढं उभा राहून आधी ही कल्पना का चालणार नाही ते सगळं बोलला आणि मग का चालेल ते बोलला. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, हे जगात लोक करतात. आपणही करू." आकडेमोड त्यांनी केली, आणि चोख केली. कुठला पंप बसेल, किती पाण्यावर किती फिरेल, मोटरीला काय जोडायचं, सगळं. वरच्या साहेबांच्या दारात त्या किती वेळा बसून राहिल्या हे त्यांनाच माहीत. ह्यानं जुना पंप खोलला, घासला, नवीन बेअरिंग घातली, चेंबरमध्ये दाबाच्या व्हॉल्व्हच्या जागी बसवला, पायऱ्यांच्या कडेनं खांब रोवले.

मग चाचण्या. आता ज्यानं पाणीखात्यात काम केलंय त्याला ठाऊक असतं की चाचणी कधी करायची. दिवसा नाही! दिवसा टाकी भरत असते. तेव्हा नळाला हात लावला तर दुसऱ्या दिवशी गाव बादल्या घेऊन दारात. म्हणून पाणीखात्यातली सगळी चाचणी संध्याकाळी, टाकी भरून व्हॉल्व्ह बंद झाल्यावर होते. हा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता. त्याप्रमाणे संध्याकाळी खास व्हॉल्व्ह उघडून घेतला, पंपातनं गेलेलं पाणी तात्पुरतं ओढ्याला सोडलं, आणि काय दिवे लागले म्हणता! पायरी न पायरी दिसत होती. वरच्या आळीतले लोक खाली आले, खालचे वर गेले, उगीचच. बाईंनी हात पुढं केला, ह्यानं आपला हात आधी पँटला पुसला आणि मिळवला. बायको त्या दिवशी पायऱ्यांवरनं उतरताना विजेरी न काढता आली. ह्यानं आणि बाईंनी अशा बऱ्याच संध्याकाळी चाचण्या केल्या आणि सगळ्या उत्तम झाल्या.

मग यंत्र रोजच्या कामाला लागलं, आणि पहिल्याच दिवशी भर दुपारी दिवे पेटले. संध्याकाळी टाकी भरली, मेहुण्यानं व्हॉल्व्ह बंद केला, पाणी थांबलं, पंप थांबला आणि पायऱ्यांवर आधी होता तोच अंधार पसरला.

चेंबरच्या काठावर उभा राहून उफराट्यानं कपाळावर हात मारला. रोज संध्याकाळी नळ कोरडा असतो म्हणून तर आपण संध्याकाळी चाचणी करत होतो! हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. उभी हयात माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं. पण एक गोष्ट एका खिशात आणि दुसरी दुसऱ्या खिशात. दोन्ही हात एकाच वेळी खिशात घालायचं दोघांनाही सुचलं नाही.

बरं, दिवसा दिवे बंद तरी ठेवता येतील? तेही नाही. ह्या यंत्राला ओझं लागतं. दिवे काढले की मोटरीवरचा भार जातो आणि पंप उधळतो, गाडी सुटलेल्या बैलासारखा. एकदा करून बघितलं तर चेंबरचं झाकण थरथरायला लागलं. म्हणजे दुपारी दिवे जाळायचेच, आणि संध्याकाळी अंधारात चाचपडायचंच. न्हाव्याला आयुष्यभर पुरेल एवढं भांडवल मिळालं. "मिस्त्री, रात्री थोडं ऊन पडेल असंही काहीतरी काढा," तो म्हणायचा. लोकांनी तक्रारी केल्या. पालिका दिवसाढवळ्या वीज उधळते म्हणून! ती वीज फुकटची आहे, नाहीतरी वाया जाणाऱ्या पाण्याच्या जोराची आहे, हे सांगून सांगून उफराट्याच्या जिभेला घट्टे पडले. ऐकतो कोण? पेटलेला दिवा सगळ्यांना दिसतो, वाहतं पाणी नळात असतं.

शेवटी बाईंनी त्याला बोलावलं.

"मिस्त्री, वरून सांगितलंय. यंत्र काढा, जुना व्हॉल्व्ह बसवा. मी म्हटलं, मला एकदा संध्याकाळी बघू द्या. रोजच्या व्यवहारात, खास चाचणी नाही. पायऱ्या उजळल्या तर मी भांडते. नाही उजळल्या तर मला भांडायला तोंड नाही. पुढच्या शुक्रवारी येते."

म्हणून उफराट्या मेहुण्याच्या मागं लागला होता. उत्तर साधं होतं. खालची टाकी दुपारऐवजी संध्याकाळी भरायची. पाणी तेवढंच, टाकी तीच, फक्त वेळ दुसरी. संध्याकाळपासून लोक घरी पोचून निजेपर्यंत पाणी वाहील, तेवढा वेळ दिवे जळतील. सकाळी गावाला पाणी सुटेल तेव्हा टाकी काठोकाठ. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मेहुण्याची संध्याकाळ तेवढी बिघडत होती.

आणि सासऱ्याची झोप.

मेहुण्यानं दाद दिली नाही म्हणून उफराट्या सासऱ्याकडं गेला. सासरा टाकीच्या शेजारच्या खोलीत राहतो. रिटायर होऊन जमाना लोटला तरी त्याची खाट टाकीच्या उभ्या नळाला लागून असते. नळाला कान लावून तो टाकी किती भरली ते सांगतो. बरोबर सांगतो की चूक, हे कुणी तपासत नाही. वाद घालायला कोण जातंय?

"मामा, एक विनंती होती."

"बसा, जावईबापू. गाढव कुठं बांधलंत?"

उफराट्या गिळून बसला. "टाकी संध्याकाळी भरली तर चालेल ना?"

"दिवस मावळायच्या आत टाकी भरलेली पाहिजे."

"पण का?"

"का म्हणजे? मी पाळलंय. माझ्या मुलानं पाळलंय." म्हाताऱ्यानं नळावर हात ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. "एकदा मी ठेवली होती संध्याकाळवर. मित्राकडं बसलो होतो, म्हटलं परत येऊन सोडतो. आलो तर व्हॉल्व्ह अडकला. अंधारात कोण मिस्त्री येणार? सकाळी टाकी कोरडी. गाव माझ्या दारात बादल्या वाजवत आलं, जावईबापू. तुम्ही कधी बादल्या वाजलेल्या ऐकल्यात? तुमच्या नावानं? मी पायखान्यात लपलो होतो."

"आता व्हॉल्व्ह अडकला तर मी आहे की."

"तेव्हाही मिस्त्री होताच. घरी झोपला होता."

"मामा, तुमची मुलगी पडली त्या पायऱ्यांवरनं."

म्हाताऱ्यानं नळावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "तिला विजेरी द्या."

उफराट्या उठला तेव्हा त्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं, पण तिथं सगळीकडं नळ होते, आवाज गावभर गेला असता. घरी येऊन त्यानं सगळं बायकोला ओकून दाखवलं. ती डाव्या हातानं भाकऱ्या थापत ऐकत होती, मधेच उजवा लावायची आणि परत काढून घ्यायची.

"तुमचे लोक!" तो म्हणाला. "एकाला संध्याकाळ पाहिजे, एकाला झोप पाहिजे. उजेड कुणालाच नको."

"मला हवा आहे म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच तर..."

"मी विजेरी मागितली होती. तुम्ही तलाव कामाला लावलात." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "थांबा. मी बोलते भावाशी."

ती दुसऱ्या दिवशी बोलली. मेहुण्याची संध्याकाळ म्हणजे ओढ्यावरच्या पुलाचा कठडा. तिथं तो चार टवाळ मित्रांबरोबर कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. चावीवाल्याच्या अंगावर रोज असा शर्ट कसा, ह्याचं मित्रांना फार कोडं. कोडं कसलं? बहीण लाँड्रीतनं येताना इस्त्री करून आणायची. तिनं त्याला एवढंच सांगितलं, "शुक्रवारी संध्याकाळी पाणी सोड. नाहीतर उद्यापासून चुरगाळलेला जा कठड्यावर."

"ताई, अगं बाबा..."

"बाबांना मी बघते. एक दिवस."

मेहुणा एका दिवसाला तयार झाला. उफराट्यानं तीन-तीनदा बजावलं, "शुक्रवारी दुपारी चावीला हात लावू नकोस. दुपारी टाकी रिकामी, संध्याकाळी पाणी. कळलं?"

"कळलं, दाजी. मी काय बहिरा आहे?"

शुक्रवार आला. उफराट्यानं दुपारी वर्कशॉपातनं दोनदा बाहेर येऊन उताराकडं बघितलं. उन्हात दिवे पेटलेले आहेत की नाहीत ते लांबून दिसेना, पण न्हाव्याची हाकही आली नाही. म्हणजे ठीक, असं त्यानं धरलं. न्हाव्याचं दुकान शुक्रवारी दुपारी बंद असतं, हे त्याला संध्याकाळी आठवलं.

दिवस मावळला. बाई आल्या. मेहुण्यानं शर्टाच्या बाह्या सरसावून चावी फिरवली, पाणी आलं, पंप खाकरून लयीला लागला आणि दिवे पेटले. पहिल्यांदाच चाचणी नसताना, रोजच्यासारखे, संध्याकाळी. वरच्या आळीतली माणसं कामावरनं परत येताना पायऱ्यांवर थबकली. एक म्हातारी काठी काखेत मारून तरातरा उतरायला लागली. न्हावी दुकानाच्या दारात उभा होता आणि त्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातनं काही बाहेर पडत नव्हतं. उफराट्याला ते दिव्यांपेक्षा गोड वाटलं.

"चला, उतरून बघू," बाई म्हणाल्या.

ते अर्ध्यावर आले असतील. दिवे पिवळे झाले. मग तांबडे झाले, विझत्या निखाऱ्यासारखे. मग गेले.

वरनं पंप थांबल्याचा आवाज आला, म्हणजे काहीच आवाज आला नाही. आणि खालनं टाकीकडनं धोधो पाणी पडत असल्याचा आवाज आता कुठं ह्यांच्या कानावर आला.

"अरे चावीवाल्या!" उफराट्या अंधारात ओरडला. "बंद का केलंस?"

"टाकी भरली, दाजी! वाहायला लागली!"

"भरली कशी? रिकामी होती ना?"

वरनं मेहुण्याचा आवाज आला, एकदम बारीक. "दुपारी थोडं सोडलं होतं."

"तुला सांगितलं होतं ना रे, भल्या माणसा!"

"मी नाही सोडलं. बाराचा भोंगा झाला आणि हातानं सोडलं. मला कळलं तेव्हा बरीच भरली होती. म्हटलं, थोडी जागा उरलीय, तेवढ्यात मॅडम बघून जातील."

उफराट्या पायरीवर बसला. शिवी द्यायची होती, पण एवढी मोठी शिवी त्याला येत नव्हती. आणि शिवी द्यायची कुणाला? मेहुण्याच्या हाताला? बाराला जाणारा तो हात एकट्या मेहुण्याचा नव्हता. त्यात म्हाताऱ्याचा हात होता, आणि दारावर बादल्या वाजवणाऱ्या गावाचा पण.

तेवढ्यात वरच्या बाजूनं उजेडाचा एक गोल ठिपका पायऱ्या उतरत आला. मागं उफराट्याची बायको. डाव्या हातात विजेरी, खांद्याला लाँड्रीची पिशवी.

"इथं पायरी तुटकी आहे, मॅडम," ती म्हणाली. "मला ही चांगली ओळखते. माझ्या मागं या."

बाई तिच्या मागं उतरल्या. तळाशी न्हाव्याच्या दुकानात बल्ब होता, तिथं सगळे थांबले. मेहुणाही धापा टाकत, ओल्या चपलांनी उतरून आला. उफराट्या शेवटी आला, हात मागं बांधून, निकाल ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखा.

"दिवे लागतात, हे मी बघितलं," बाई म्हणाल्या. "विझतात तेही बघितलं. मिस्त्री, संध्याकाळी चाचणी करून फसलो ते आपण दोघं. तुमच्या एकट्यावर टाकून मी मोकळी होणार नाही. पण यंत्रात खोट नाही. मला एक माणूस द्या, जो रोज संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडेल आणि टाकी भरेपर्यंत तिथून हलणार नाही. असा माणूस असेल तर मी वर भांडते. नसेल तर सोमवारी जुना व्हॉल्व्ह."

सगळ्यांनी मेहुण्याकडं बघितलं. मेहुण्यानं शर्टाची कॉलर सारखी केली. "दिवसाची ड्यूटी आहे माझी. दुपारची टाकी घ्या माझ्याकडनं, संध्याकाळची नाही. शर्ट चुरगाळला तरी चालेल."

"आणि माझा हात?" बहीण म्हणाली.

"ताई, तुझा हात एकदा मोडला. माझी संध्याकाळ रोज मोडेल."

मधे पडला तो न्हावी. खुर्चीवरचं फडकं झटकत, कुणाकडंच न बघता त्यानं विचारलं, "मिस्त्री, तुमची संध्याकाळ काय करते हो हल्ली?"

उफराट्यानं त्याच्याकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. तिनं विजेरी बंद केली होती आणि ती पिशवीत ठेवत होती. ह्या वेळी न लपवता, सगळ्यांदेखत.

"मी फिटर आहे," तो म्हणाला.

"चावी फिरवायला फिटर लागत नाही," मेहुणा म्हणाला. "काय लागतं ते तुम्हीच सांगितलंय. आमच्या पंगतीत."

न्हाव्याच्या आरशात सगळेच हसताना दिसत होते. बाईंना कशाला हसतात ते कळलं नाही, पण त्याही हसल्या. उफराट्या नेहमीच्या सवयीनं आधी त्यांची बाजू मांडायला लागला. यंत्र त्याचं, हट्ट त्याचा, बायको त्याची, पायऱ्या उजळायचा शब्द त्याचा. एवढं बोलून तो आपली बाजू मांडायला गेला आणि त्याला काही सापडलं नाही. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. फार वाईट वाटलं त्याला.

बाई वर भांडल्या. यंत्र राहिलं. म्हाताऱ्यानंही मान डोलावली, पण अट घातली. टाकी भरली की जावयानं नळावर दोन ठोके द्यायचे. ठोके ऐकल्याशिवाय म्हातारा झोपणार नाही, आणि म्हातारा झोपला नाही तर घरात कुणाला झोपू देणार नाही.

असं सगळं ठरलं, आणि कुणालाच त्यात मजा आली नाही. मेहुण्याला बारा वाजले की काय करावं ते सुचेना. भोंगा झाला की तो हात काखेत दाबून बसायचा. म्हाताऱ्याला रोजची दुपार टाकी रिकामी आहे हे माहीत असताना काढावी लागायची, म्हणून तो दर थोड्या वेळानं नळाला कान लावून "हाय हाय" करायचा. बायको उजेडातनं घरी यायला लागली, ते खरं. दार उघडून ती दिवा लावायची तर घरात कोणी नाही. नवरा वर चेंबरवर, टाकी भरण्याची वाट बघत.

"जेवण गार होतंय," ती एकदा म्हणाली.

"तूच उजेड मागितलास."

"विजेरी," ती म्हणाली, आणि तिनं गार भाकरी ताटात वाढली.

आता रोज दिवस मावळला की उफराट्या वर्कशॉपातनं हात धुऊन निघतो आणि सरळ चेंबरकडं चढतो. मेहुणा तिथं चावी द्यायला उभा असतो, इस्त्रीचा शर्ट घालून, कठड्यावर जायच्या घाईत. बहिणीनं शर्ट बंद केले नाहीत, बहीण ती. एका संध्याकाळी तो असाच उभा होता. चावी हातात देताना त्यानं रोज म्हणायचं ते म्हटलं.

"डावीकडं, दाजी. उफराटं नाही."

"निघ इथनं."

मेहुणा शीळ घालत उतरला. उफराट्यानं चावी व्हॉल्व्हवर बसवली आणि दांड्याला धरून गोल फिरायला लागला. कंबर दुखत होती. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, असं त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण ते तो मेल्यावरसुद्धा सासरच्यांना सांगणार नव्हता. पाणी आलं. पंप खाकरला, गुरगुरला, लयीला लागला. पायऱ्या खालपर्यंत उजळल्या.

वरच्या आळीतनं लोक उतरायला लागले. कुणी मान वर करून दिव्यांकडं बघितलं नाही. दिवे होते, एवढंच. थोड्या वेळानं बायको आली. चेंबरपाशी थांबली नाही. पायात चप्पल सैल होती म्हणून सावकाश उतरत गेली. अर्ध्यावर जाऊन तिनं खालनं हाक मारली.

"अहो! तिसरा दिवा लुकलुकतोय!"

"उद्या बघतो!"

"आणि न्हावी विचारतोय, दाढी कधी करणार? उजेडात तुम्ही फार भयाण दिसता म्हणतोय!"

तो काही तरी सणसणीत बोलणार होता. पण पंपाच्या आवाजात काहीतरी वेगळं लागलं. त्यानं कान दिला. पंपाच्या दांड्याभोवतीच्या ग्लँडमधनं पाणी टपकत होतं. तिथं पाणी अडवायला ठासलेली दोरी झिजली असणार. त्यानं चावी भिंतीला टेकवली, खिशातला पाना काढला आणि शिव्या पुटपुटत चेंबरच्या ओल्या शिडीवर पाय ठेवला. टाकी भरायला अजून बराच वेळ होता.